रुग्णालयांची तुलना आणि आकड्यांचा छेद

एखाद्या सार्वजनिक संस्थेचे काम चांगले चालले आहे की नाही, हे कशावरून ओळखावे? दुकानाची परीक्षा गिऱ्हाईक रोज करीत असते. माल वाईट निघाला तर ते शेजारच्या दुकानात जाते. रुग्णालय, शाळा, तुरुंग ह्या संस्थांची गोष्ट तशी नाही. त्यांच्या दाराशी मनुष्य गरजेने येतो, बहुधा एकदाच येतो, आणि त्याच्याचसारख्या दुसऱ्या मनुष्याचे दुसऱ्या संस्थेत काय झाले हे कळण्यास त्यास मार्ग नसतो. म्हणून ही परीक्षा त्याच्या वतीने दुसऱ्या कोणी करावी, आणि ती आकड्यांच्या साहाय्याने करावी, हा विचार पाश्चात्त्य देशांत गेली दीडशेहून अधिक वर्षे चालत आला आहे. आमच्याकडेही महाविद्यालयांना अनुक्रम लावण्याचा उपक्रम केंद्र सरकारने २०१५ साली आरंभिला, आणि २०१६ पासून त्याच्या याद्या प्रसिद्ध होऊ लागल्या. मुलास कोठे पाठवावे ह्याचा विचार करताना त्या याद्या आता घरोघर चाळल्या जातात. अशा यादीतला वरचा क्रमांक खरोखर वरचा असतो काय, हा प्रश्न त्यामुळे केवळ पंडितांचा राहिलेला नाही.

त्या प्रश्नाचे उत्तर देण्याचा एक मार्ग इतिहासाचा आहे. संस्थांच्या तुलनेवरून जे मोठे वाद आजवर झाले, त्यांपैकी अगदी आरंभीच्या एका वादाची हकीकत आम्ही येथे सांगणार आहो. तो १८६३-६४ साली इंग्लंडात झाला. विषय होता तेथील रुग्णालयांच्या मृत्युसंख्येचा. आज ह्या बाबतीत जे जे आक्षेप घेतले जातात, त्यांपैकी बहुतेक सर्व त्या एकाच वर्षात पुढे आले होते, आणि त्या वादात कोणताही एक पक्ष सर्वस्वी खरा ठरला नाही. वादाचा हा शेवटच आम्हांस विशेष शिकण्याजोगा वाटतो.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल हे नाव आमच्या वाचकांस परिचित आहे. तथापि दिवा हाती घेऊन रात्री जखमी शिपायांमधून फिरणारी परिचारिका एवढीच तिची मूर्ती बहुतेकांच्या डोळ्यांपुढे असते. क्रिमियाच्या युद्धावरून १८५६ साली परत आल्यावर ह्या बाईंनी आपल्या आयुष्याचा मोठा भाग कागद, कोष्टके आणि सरकारी अहवाल ह्यांच्या संगतीत घालविला, हे तितकेसे ठाऊक नसते. लंडनच्या संख्याशास्त्रीय मंडळीने १८५८ साली त्यांस सभासद करून घेतले. असा मान मिळालेल्या त्या पहिल्याच स्त्री होत. ह्या कामात त्यांचे गुरू व सहकारी होते डॉ. विल्यम फार. इंग्लंडातील जन्ममृत्यूंची नोंद ठेवणाऱ्या सरकारी कचेरीत चाळीस वर्षे राहून त्यांनी मृत्युगणनेस शास्त्राची शिस्त लावली होती.

नाइटिंगेलबाईंची पहिली तक्रार अशी होती की, रुग्णालयांची तुलना करावयाची म्हटली तर ती करता येण्याजोगी नोंदच कोठे नाही. प्रत्येक रुग्णालय आपल्या मनास येईल तसे दप्तर ठेवी. कोठे रोगांची नावे निराळी, कोठे बरा झालेला आणि नुसता घरी गेलेला ह्यांत भेद नाही, कोठे वर्षाच्या आरंभी आत असलेले रुग्ण मोजीत, कोठे मोजीत नसत. १८६० साली लंडनास आंतरराष्ट्रीय संख्याशास्त्र परिषद भरली, तिच्यापुढे बाईंनी सर्व रुग्णालयांकरिता एकच नमुना सुचविला. वर्षारंभी किती रुग्ण होते, किती आले, किती बरे झाले, किती तसेच परत गेले, किती मेले, किती उरले, आणि प्रत्येक जण सरासरीने किती दिवस राहिला, इतक्या गोष्टी त्यात भरावयाच्या होत्या. परिषदेने तो उचलून धरला. लंडनच्या काही मोठ्या रुग्णालयांनी तो वापरूनही पाहिला, आणि त्यांचे आकडे १८६२ साली छापून आले. परंतु असले दप्तर ठेवण्यास कारकून लागतो, वेळ लागतो, पैसा लागतो. आणि आपले दोष आपल्याच खर्चाने जगास दाखविण्याची हौस संस्थांना क्वचितच असते. काही वर्षांत तो नमुना मागे पडला.

एकसारखी नोंद मिळेना, तेव्हा जी मिळाली तिच्यावरच काम भागविण्यात आले. १८६१ च्या एप्रिल महिन्यात इंग्लंडची खानेसुमारी झाली. त्या दिवशी कोणत्या रुग्णालयात किती रुग्ण आहेत हा आकडा त्यामुळे हाती आला. त्याच वर्षभरात तेथे किती मेले, हा आकडा डॉ. फार ह्यांच्या कचेरीत होताच. दुसऱ्या आकड्यास पहिल्याने भागून त्यांनी १०६ प्रमुख रुग्णालयांचे कोष्टक तयार केले, आणि नाइटिंगेलबाईंनी रुग्णालयांवरील आपल्या पुस्तकाच्या १८६३ सालच्या तिसऱ्या आवृत्तीत ते आघाडीस घातले.

ते कोष्टक पाहून वाचक हादरून गेला असल्यास नवल नाही. लंडनच्या २४ रुग्णालयांत त्या दिवशी ४,२१४ रुग्ण होते, आणि वर्षात मृत्यू झाले ३,८२८. म्हणजे शेकडा ९०.८४! मोठ्या शहरांतील १२ रुग्णालयांचे प्रमाण शेकडा ८३.१६. जिल्ह्यांच्या व महत्त्वाच्या गावांच्या २५ रुग्णालयांचे मात्र केवळ ३९.४१. आरमारी व लष्करी १३ रुग्णालयांचे १५.६७, आणि मार्गेट येथील समुद्रस्नानाच्या रुग्णालयात १३३ रुग्णांमागे वर्षाचे मृत्यू अवघे १७, म्हणजे शेकडा १२.७८. निष्कर्ष जणू कोष्टकाच्या तोंडूनच बाहेर पडत होता : लंडनच्या रुग्णालयात जाणे म्हणजे मृत्यूच्या दाढेत जाणे, आणि खेड्याच्या मोकळ्या हवेत रुग्णालय बांधणे म्हणजे निम्म्याहून अधिक माणसे वाचविणे.

हा निष्कर्ष केवळ कागदावर राहावयाचा नव्हता. लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयाची जुनी जागा आगगाडीच्या मार्गाकरिता गेली होती, आणि १८६२ पासून ते तात्पुरत्या जागेत चालले होते. नवे रुग्णालय शहराबाहेर मोकळ्या जागी बांधावे असे नाइटिंगेलबाईंचे मत. ते गरिबांच्या वस्तीजवळच असावे असे दुसऱ्या पक्षाचे. कोष्टक खरे धरावे तर लंडनच्या गरिबास उपचारासाठी कोसभर दूर नेणे हेच त्याच्या हिताचे ठरत होते. खोटे धरावे तर अपघाताने पाय चिरडलेल्या हमालास ते अंतर जिवाशी पडणार होते. एका भागाकारावर इतके अवलंबून होते.

डॉक्टरमंडळींनी १८६४ च्या आरंभीच त्या भागाकारावर हल्ला चढविला. आघाडीस होते सेंट थॉमसचे वैद्य डॉ. ब्रिस्टो आणि सेंट जॉर्ज रुग्णालयाचे शस्त्रवैद्य होम्स. ह्या दोघांनी सरकारच्या आज्ञेवरून नुकतीच देशभरची रुग्णालये हिंडून पाहिली होती, आणि आपला अहवाल सादर केला होता. त्यांचा पहिला आक्षेप अपूर्णांकाच्या छेदाविषयी होता. मृत्यू वर्षभराचे आणि रुग्ण एका दिवसाचे, हा कसला हिशेब?

हा आक्षेप किती मर्मावर बसतो, हे एका कल्पित उदाहरणाने स्पष्ट होईल. एका रुग्णालयात शंभर खाटा आहेत आणि त्या नित्य भरलेल्या असतात असे समजू. प्रत्येक रुग्ण सरासरी साडेछत्तीस दिवस राहतो. तेव्हा वर्षात हजार रुग्ण येऊन जातात. त्यांपैकी ९० दगावले, तर येणाऱ्या दर शंभरांत ९ मेले हे उघड आहे. परंतु छेदात त्या एका दिवसाचे शंभर रुग्ण घातले की तेच प्रमाण शेकडा ९० होते. आता दुसरे रुग्णालय घ्या. खाटा तितक्याच, पण रुग्ण दुप्पट दिवस, म्हणजे ७३ दिवस राहतो. वर्षात रुग्ण झाले पाचशे. येथेही शंभरांत ९ दगावतात, म्हणजे मृत्यू ४५, आणि डॉ. फार ह्यांच्या रीतीने प्रमाण येते शेकडा ४५. पायरी चढून आत जाणाऱ्या रुग्णास दोन्हीकडे धोका अगदी सारखा. तरी कोष्टकात पहिले रुग्णालय दुसऱ्याच्या दुप्पट घातकी दिसते, आणि त्याचा अपराध एवढाच की ते रुग्णास लवकर घरी पाठविते. लंडनमध्ये खाटांची ओढ मोठी, रुग्ण लवकर येत व लवकर जात. खेड्यातील रुग्णालयांत जुनाट दुखण्याचे लोक महिनेच्या महिने राहत.

तथापि डॉ. फार हे काही भागाकार न येणारे गृहस्थ नव्हते. त्यांची बाजू अशी की, एखाद्या शहराचे मृत्युप्रमाण काढताना आपण वर्षाच्या मृत्यूंना तेथे राहणाऱ्या लोकसंख्येनेच भागतो. रुग्णालय ही जर राहण्याची जागा, तर तेथे मनुष्य जितका काळ राहिला तितक्या काळाच्या मानाने त्यास किती धोका होता, हे पाहणे अशास्त्रीय कसे? भरती झालेल्यांच्या संख्येने भागावे, तर जे रुग्णालय मरणासन्न मनुष्यास आठ दिवसांत घरी धाडते त्याचे प्रमाण आपोआप उत्तम दिसेल. ह्या म्हणण्यातही तथ्य आहे. दोन्ही छेद खरे आहेत. ते दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरे देतात. ‘मी आत गेलो तर जिवंत बाहेर येईन काय?’ हा एक प्रश्न, आणि ‘ह्या जागेत घालविलेला एकेक दिवस किती धोक्याचा?’ हा दुसरा. कोष्टकाचा खरा दोष असा की, ते दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर होते आणि वाचक ते पहिल्याचे म्हणून वाचीत होता.

दुसरा आक्षेप ह्याहून खोल होता. ब्रिस्टो व होम्स ह्यांचे म्हणणे असे की, रुग्णालयांच्या मृत्युसंख्येतील फरक मुख्यत्वे त्यांच्या हवेमुळे पडत नसून तेथे येणाऱ्या रुग्णांमुळे पडतो. लंडनच्या रुग्णालयात गिरणी, गोदी आणि रस्ता ह्यांवरचे अपघात येत, तीव्र ज्वराचे रुग्ण येत. लहान गावच्या रुग्णालयात जाण्यास पुष्कळदा एखाद्या देणगीदाराची चिठ्ठी लागे, आणि सांसर्गिक अथवा असाध्य रोग्यांस दारच बंद असे. मार्गेटच्या समुद्रकाठी जाऊन राहावयाचे तर मनुष्य प्रवास करण्याइतका धड हवा. त्याचे मृत्युप्रमाण कमी निघाले ह्यात समुद्राचे श्रेय किती आणि निवडीचे किती?

हेही कल्पित आकड्यांनी पाहू. दोन रुग्णालयांत प्रत्येकी हजार रुग्ण आले. पहिल्यात ९०० साध्या दुखण्याचे, त्यांपैकी ९ मेले; १०० कठीण दुखण्याचे, त्यांपैकी २० मेले. एकंदर २९, म्हणजे शेकडा २.९. दुसऱ्यात साधे रुग्ण ४००, त्यांपैकी २ मेले. कठीण ६००, त्यांपैकी ९० मेले. एकंदर ९२, म्हणजे शेकडा ९.२. पहिले रुग्णालय तिपटीने चांगले दिसते. परंतु फोड करून पाहावे तो साध्या दुखण्यात पहिल्याचे प्रमाण शेकडा एक, दुसऱ्याचे अर्धा. कठीण दुखण्यात पहिल्याचे वीस, दुसऱ्याचे पंधरा. म्हणजे रुग्ण साधा असो वा कठीण, त्याने दुसऱ्याच रुग्णालयात जावे! एकंदर आकडा मात्र त्यास पहिल्याकडे बोट दाखवितो. कठीण काम अंगावर घेणारी संस्था अशा कोष्टकात नेहमीच मार खाते. आणि शाळांच्या परीक्षांचे निकाल एकापुढे एक मांडणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

इतके वाचून वाचक म्हणेल की, मग डॉक्टर जिंकले आणि बाई हरल्या. गणितापुरते पाहिले तर तसे म्हणता येईल. परंतु इतिहास येथे थांबत नाही. आक्षेप घेणारे स्वतः लंडनच्या रुग्णालयांतीलच होते, आणि ‘आमचे रुग्णच अधिक कठीण’ हे उत्तर खरे असले तरी सोयीचेही होते. त्या उत्तराआड एक भयंकर गोष्ट झाकली जात होती. त्या काळच्या मोठ्या रुग्णालयांत एका रुग्णाच्या जखमेतील विष दुसऱ्याच्या जखमेत जाई, आणि माणसे मूळ दुखण्याने नव्हे तर रुग्णालयाच्याच रोगाने मरत. ह्याचे कारण उभय पक्षांस ठाऊक नव्हते; बाई ते दूषित हवेत शोधीत होत्या. जोसेफ लिस्टर ह्यांनी जंतुनाशक शस्त्रक्रियेची पद्धत प्रसिद्ध केली ती १८६७ साली. कोष्टक चुकीचे होते, पण ते ज्या घराकडे बोट दाखवीत होते तेथे आग खरोखरच लागली होती.

हे एडिंबरोचे सर जेम्स सिम्सन ह्यांनी १८६९ साली अधिक नेमक्या रीतीने दाखविण्याचा यत्न केला. सर्व रोगांची भेसळ न करता त्यांनी एकच शस्त्रक्रिया घेतली, ती हातपाय कापण्याची. मोठ्या रुग्णालयांतील अशा २,०८९ शस्त्रक्रियांत ८५५ रुग्ण मेले होते. खेड्यापाड्यांतील डॉक्टरांनी रुग्णाच्या घरी किंवा झोपडीत केलेल्या २,०९८ शस्त्रक्रियांत मेले केवळ २२६. एकीकडे शंभरांत एक्केचाळीस, दुसरीकडे अकरा! ह्यावरही आक्षेप आलेच : खेड्यातील डॉक्टरांनी आपले आकडे आपणच कळविलेले, आणि अपयश विसरण्याकडे मनाचा ओढा असतो. तरी तुलनेची पद्धत एक पाऊल पुढे गेली होती. सारख्यास सारख्याशी ताडून पाहावे, हा धडा १८६४ च्या वादानेच शिकविला होता.

नाइटिंगेलबाईंचा आमच्या देशाशी जो संबंध आला तोही ह्याच काळातला. हिंदुस्थानातील गोऱ्या फौजेच्या आरोग्याची चौकशी करणाऱ्या कमिशनचा अहवाल १८६३ सालीच प्रसिद्ध झाला, आणि त्याच्यामागे मुख्य कष्ट बाईंचे होते. पूर्वीच्या अनेक वर्षांच्या सरासरीने ह्या फौजेत दरसाल दरहजारी ६९ शिपाई मरत, असे त्यातून दिसून आले. छावणीतील शिपायांची संख्या ठाऊक, वर्षाचे मृत्यू ठाऊक, आणि शिपाई म्हणजे तरुण धडधाकट पुरुष. तेव्हा येथे छेदाविषयी तंटा माजण्यास जागा थोडी होती, आणि त्या एका आकड्याने सरकारला हालवून सोडले. दहा वर्षांनंतर हे प्रमाण १८ वर आल्याचे बाईंनी लिहून ठेवले आहे. तुलना जेव्हा नीट जुळते तेव्हा तिचा जोर केवढा असतो, ह्याचे हे उदाहरण होय.

पुढे पन्नास वर्षांनी हा प्रश्न अमेरिकेत पुनः उभा राहिला. बोस्टनचे शस्त्रवैद्य अर्नेस्ट कॉडमन ह्यांनी असा आग्रह धरला की, प्रत्येक रुग्णाचा शस्त्रक्रियेनंतर वर्षभराने शोध घ्यावा, त्यास गुण आला की नाही हे लिहून ठेवावे, आणि नसल्यास चूक कोणाची हेही लिहावे. ज्या नामांकित रुग्णालयात ते काम करीत त्यास हे रुचले नाही. १९१४ साली कॉडमन तेथून बाहेर पडले. आपल्या स्वतःच्या लहान रुग्णालयातून १९११ ते १९१६ ह्या काळात बाहेर पडलेल्या ३३७ रुग्णांची हकीकत त्यांनी छापली, आणि तीत आपल्या हातून घडलेल्या १२३ चुका नमूद केल्या. इकडे अमेरिकन शस्त्रवैद्यांच्या महाविद्यालयाने शंभर किंवा अधिक खाटांची ६९२ रुग्णालये तपासली, तो किमान अटींस उतरणारी निघाली फक्त ८९. ही यादी १९१९ साली न्यूयॉर्कच्या एका हॉटेलात सभेपुढे यावयाची होती. ती वर्तमानपत्रांच्या हाती पडू नये म्हणून त्याच हॉटेलच्या भट्टीत जाळण्यात आली. नावे जळाली, संख्या तेवढी उरली.

जाळण्याचे युग संपले, आणि छापण्याचे आले. १९८६ साली अमेरिकेच्या केंद्र सरकारने वृद्धांच्या विम्याच्या कागदपत्रांवरून देशभरच्या रुग्णालयांची मृत्युप्रमाणे प्रसिद्ध केली. रुग्णाचे वय, रोग इत्यादींवरून किती मृत्यू अपेक्षित, हेही गणिताने काढले होते. त्यात सर्वांत वाईट ठरलेल्या संस्थेत अपेक्षा शेकडा २२.५ ची, आणि प्रत्यक्ष मृत्यू शेकडा ८७.६. चौकशी करता कळले की, ती संस्था मरणोन्मुख रुग्णांचे अखेरचे दिवस सुखाने जावेत एवढ्याचकरिता स्थापलेली होती! एकशेतेवीस वर्षांपूर्वी ब्रिस्टो व होम्स ह्यांनी जे सांगितले, ते सरकारी गणकांस पुनः नव्याने शिकावे लागले. ही प्रसिद्धी १९९३ साली बंद झाली.

न्यूयॉर्क राज्याने अधिक सावध मार्ग धरला. १९८९ पासून हृदयाच्या बायपास शस्त्रक्रियेपुरतीच नोंद ठेवून, प्रत्येक रुग्णाच्या प्रकृतीचा धोका हिशेबात धरून, तेथील आरोग्यखात्याने रुग्णालयांची प्रमाणे छापली. पुढे एका वर्तमानपत्राने न्यायालयात जाऊन प्रत्येक शस्त्रवैद्याचे आकडेही मिळविले. १९८९ ते १९९२ ह्या काळात धोक्याचा हिशेब करून काढलेले मृत्युप्रमाण शेकडा ४.१७ वरून २.४५ वर आले. यश मोठेच. परंतु त्याच सुमारास आणखी एक गोष्ट दिसून आली. जुनाट फुप्फुसविकार असलेल्या रुग्णांचे प्रमाण नोंदीत १९८९ साली शेकडा ६.९ होते, ते १९९१ साली १७.४ झाले. दोन वर्षांत न्यूयॉर्ककरांची फुप्फुसे इतकी बिघडली असे कोण म्हणेल? ज्या दुखण्याची नोंद केल्याने आपला रुग्ण अधिक धोक्याचा ठरतो, ती आता अधिक काळजीने होऊ लागली, हेच त्याचे सरळ स्पष्टीकरण. कठीण रुग्ण परराज्यांत धाडले जातात काय, ह्याविषयीही वाद झाला आणि तो दोन्ही बाजूंनी लढविला गेला. आकडा एकदा प्रसिद्ध होऊ लागला की ज्यास मोजावयाचे तोही आकड्याकडे पाहून वागू लागतो. घोरपड तारांगण मोजीत नाही, आणि तारे आपणांस कोणी मोजतो म्हणून चाल बदलीत नाहीत. माणसांच्या संस्था मात्र बदलतात.

ह्याशिवाय एक अडचण अशी की, ती कोणाच्याही लबाडीवाचून उद्भवते. तिचे नाव योगायोग. समजा, पुष्कळ रुग्णालये आहेत, सर्वांचे कौशल्य तंतोतंत सारखे आहे, आणि एका शस्त्रक्रियेत सर्वत्र शंभरांत चार मृत्यू व्हावयाचे. प्रत्येक जण वर्षात पन्नास शस्त्रक्रिया करतो. अपेक्षा दोन मृत्यूंची. गणित सांगते की, दर शंभर रुग्णालयांपैकी सुमारे तेरांत त्या वर्षी एकही मृत्यू होणार नाही, आणि सुमारे चौदांत चार किंवा अधिक होतील. पहिल्या तेरांचा सत्कार होईल, दुसऱ्या चौदांची चौकशी. आणि पुढल्या वर्षी नावे बदलतील! हार्वी गोल्डस्टीन व डेव्हिड स्पीगेलहाल्टर ह्या संख्याशास्त्रज्ञांनी १९९६ साली शाळा व रुग्णालये ह्यांच्या क्रमवार याद्या तपासून हेच दाखविले की, अनुक्रमांभोवतीची अनिश्चितता इतकी मोठी असते की यादीच्या मधल्या भागातील बहुतेक संस्था एकमेकींपासून वेगळ्या काढताच येत नाहीत. अगदी वरचे व अगदी खालचे ह्यांविषयी काही बोलता येते. सतराव्या आणि एकतिसाव्या ह्यांत भेद करणे म्हणजे धुक्यात पायऱ्या मोजणे होय.

इतके सर्व दोष पाहिल्यावर कोणी म्हणेल की, मग संस्थांची तुलना करूच नये हे बरे. असे म्हणणाऱ्यांनी ब्रिस्टल शहराची कहाणी वाचावी. तेथील राजकीय रुग्णालयात लहान मुलांच्या हृदयावर शस्त्रक्रिया होत. मुले अधिक मरतात अशी शंका तेथल्याच एका भूल देणाऱ्या डॉक्टराने कित्येक वर्षे बोलून दाखविली. ती कोणी मनावर घेतली नाही. शेवटी १९९८ साली सरकारने चौकशी नेमली, तिचा अहवाल २००१ साली आला. १९९१ ते १९९५ ह्या अवधीत एक वर्षाच्या आतील मुलांपैकी ३० ते ३५ मुले अशी मेली की, देशातील इतर सर्वसाधारण केंद्रांच्या मानाने ती मरावयास नको होती. चौकशीच्या संख्याशास्त्रज्ञांत वर सांगितलेले स्पीगेलहाल्टर होते. यादीच्या दोषांवर पाच वर्षांपूर्वी बोट ठेवणाराच येथे आकड्यांच्या बळावर साक्ष देत होता. संख्या लहान, नोंदी अपुऱ्या, रुग्ण भिन्न, हे सर्व जमेस धरूनही फरक उरला. आणि हे आकडे त्या काळातही उपलब्ध होते. ते वाचण्याचे काम कोणाचे, एवढेच ठरलेले नव्हते. ‘तुलना कठीण आहे’ हे वाक्य त्या तीसपस्तीस घरांपुढे उच्चारून पाहावे, म्हणजे त्याची किंमत कळेल.

म्हणून आम्हांस असे वाटते की, १८६४ च्या वादात दोन्ही पक्षांनी एकमेकांस जे शिकविले ते दोन्ही मिळूनच घेतले पाहिजे. डॉक्टरांनी शिकविले की, आकड्याच्या खालची संख्या पाहिल्यावाचून वरच्या संख्येवर विश्वास ठेवू नये. बाईंनी शिकविले की, आकडा सदोष आहे एवढ्याने संस्थेची सुटका होत नाही. दोष काढणाऱ्यावर अधिक चांगला आकडा देण्याची जबाबदारी येते. लंडनच्या डॉक्टरांनी कोष्टक फोडले ते योग्य केले. परंतु नाइटिंगेलबाईंचा एकसारखा नमुना लंडनच्या रुग्णालयांनी टिकविला असता, तर ते कोष्टक करण्याची वेळच आली नसती. सेंट थॉमस रुग्णालय अखेर लंडनातच, नदीकाठी, पार्लमेंटच्या समोर बांधले गेले आणि १८७१ साली उघडले. मात्र त्याचे दालन मोकळ्या हवेचे व परस्परांपासून अलग असे बाईंच्या मताप्रमाणेच झाले. वादाचा हा निकाल आम्हांस कोणत्याही भागाकारापेक्षा शहाणपणाचा दिसतो.

आमच्या घरांत ज्या याद्या येतात त्यांपुढेही हेच प्रश्न ठेवता येतील, आणि त्यास गणिताची पदवी लागत नाही. भागिले कशाने? आत कोणास घेतले आणि कोणास नाकारले? जे मध्येच बाहेर पडले त्यांचा हिशेब कोठे गेला? संख्या इतकी मोठी आहे काय की नुसत्या योगायोगाने ती हालणार नाही? आणि नोंद कोणी ठेवली. जिची परीक्षा, त्याच संस्थेने की दुसऱ्या कोणी? ज्या यादीबरोबर ह्या पाच प्रश्नांची उत्तरे छापलेली नसतील, तिच्यातला पहिला क्रमांक पाहून मुलास दूरदेशी धाडू नये, आणि शेवटचा पाहून गावच्या संस्थेस नावे ठेवू नयेत. मात्र जी संस्था कोणतेच आकडे देत नाही आणि ‘आमची गोष्ट निराळी’ एवढेच सांगते, तिच्याकडे ती उत्तरे मागण्याचा हक्क आपण सोडू नये. १८६० साली लंडनच्या परिषदेपुढे एका बाईने मागितले होते ते इतकेच.